तारानं पत्र वाचलं, पुढं काय?

 

आज मी एका नाटकाची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या नाटकापायी एका नटीनं लिहिलेल्या पत्रांची. नाटक विलायतेतलं आहे. शेक्सपिअर नावाच्या नाटककारानं ते चारशे वर्षांपूर्वी लिहिलं. त्याचं नाव ‘सिंबेलीन’. आता तुमच्यातली एखादी म्हणेल, बाई, आमच्या परभणीच्या बायांना विलायतेच्या नाटकाचं काय पडलंय? तर एक म्हणजे या नाटकातलं दुखणं आपल्या ओळखीचं आहे. बाईच्या चारित्र्यावर घेतलेला संशय, हे ते दुखणं. आणि दुसरं म्हणजे हे नाटक मराठीत आणणारा माणूस आपल्या शेजारचा होता.

पूर्णा स्टेशनवरून अकोल्याच्या गाडीत बसलं की वसमत, हिंगोली, वाशीम करत गाडी अकोल्याला पोहोचते. या अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे एक शिक्षक होते. त्या काळी आपली परभणी निजामाच्या राज्यात होती आणि अकोला वऱ्हाडात, इंग्रजांच्या अमलाखाली. महाजनी वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात काम करत. पुढं १९०७ साली पुण्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. गोपाळ गणेश आगरकर, म्हणजे बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर भांडलेले थोर सुधारक, हे अकोल्यात या महाजनींच्या हाताखाली शिकले. गुरू-शिष्य दोघांनाही शेक्सपिअरची गोडी होती. आगरकर १८८२ साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथं ते शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला बसले. त्याचं ‘विकारविलसित’ झालं. पुढं शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्यात काम करून सगळा महाराष्ट्र गाजवला.

पण त्याआधी, १८७९ साली, गुरूनं ‘सिंबेलीन’ मराठीत आणलं होतं. मूळ नाटकातल्या नायिकेचं नाव इमोजेन. महाजनींनी तिला मराठी नाव दिलं, तारा. नाटकाचंही नाव तेच, ‘तारा’. आज आपणही तिला ताराच म्हणू. गोष्ट मात्र मी मूळ नाटकातली सांगते.

तारा ही राजाची लेक. तिनं बापाच्या मनाविरुद्ध आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं. बाप चिडला. जावयाला त्यानं देशाबाहेर काढलं. नवरा परमुलखात गेला आणि तारा बापाच्या वाड्यात एकटी राहिली. तिच्याजवळ नवऱ्याची आठवण म्हणून हातातलं एक कडं. नवऱ्याजवळ तिनं दिलेली अंगठी.

परमुलखात एकदा चार पुरुष बसले होते आणि बोलता बोलता विषय बायकांवर आला. कुणाची बायको किती पतिव्रता, यावर वाद. ताराचा नवरा म्हणाला, माझ्या बायकोसारखी सती दुसरी नाही. तिथला एक लबाड माणूस म्हणाला, लाव पैज, मी तिला फितवून दाखवतो. आणि नवऱ्यानं पैज लावली. अंगठी पणाला लावली. मायबहिणींनो, इथं जरा थांबा. द्यूताच्या पटावर द्रौपदीला लावलं, ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथंही तेच झालं. बाई घरी आहे, तिला पत्ता नाही, आणि तिकडं तिच्या अब्रूवर पैज लागली आहे.

तो लबाड ताराकडं आला. येताना नवऱ्याचंच पत्र घेऊन आला, की हा माझा स्नेही आहे, याचा मान ठेव. या नाटकात पुढं जे घडतं ते पत्रांनीच घडतं, त्यातलं हे पहिलं. त्यानं ताराला सांगितलं, तुझा नवरा तिकडं बायकांच्या नादी लागलाय, तूही त्याचा सूड घे. तारानं त्याला झिडकारलं, नोकराला हाक मारली. तेव्हा त्यानं पलटी खाल्ली. म्हणाला, मी तुमची परीक्षा पाहत होतो. मग त्यानं एक विनंती केली. माझ्याजवळ किमती सामानाची एक पेटी आहे, एक रात्र तुमच्याकडं ठेवून घ्या. तारा भली. तिनं पेटी आपल्याच खोलीत ठेवली.

त्या पेटीत तो स्वतः लपला होता. रात्री तारा झोपल्यावर तो बाहेर आला. खोलीतलं सगळं त्यानं टिपून घेतलं. झोपलेल्या ताराच्या हातातलं कडं काढलं, अंगावरचा एक तीळ पाहून ठेवला, आणि परत पेटीत जाऊन बसला. नवऱ्यापुढं जाऊन त्यानं कडं टाकलं, तिळाची खूण सांगितली. नवऱ्यानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. लगेच विश्वास ठेवला.

आता बघा, कडं खरं होतं. तीळही खरा होता. त्यातून काढलेला अर्थ तेवढा खोटा. आज कुणाला पेटीत लपावं लागत नाही. हातातल्या मोबाइलनं ते काम होतं. कुणी चोरून काढलेला फोटो, लग्नातला एखादा व्हिडिओ, अर्धवट कापलेलं बोलणं. फोटो खरा असतो, पण तो दाखवून जे सांगितलं जातं ते खरं असेलच असं नाही. म्हणून कुणाच्या लेकीसुनेबद्दल असं काही आपल्यापुढं आलं, तर पहिला प्रश्न हा विचारावा, की हे आणलं कोणी, आणि कशासाठी? पुढं पाठवण्याआधी हात आवरावा. आणि आपल्याच बाबतीत असं घडलं तर गप्प बसू नये. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, पोलीस ठाणं आहे, गटातल्या बाया आहेत.

परत गोष्टीकडं येऊ. नवऱ्यानं दोन पत्रं लिहिली. एक ताराला. त्यात गोड शब्दांत लिहिलं, मी अमुक बंदरावर आलोय, तू ये. दुसरं घरच्या विश्वासू नोकराला. त्यात लिहिलं, तिला त्या वाटेवर नेऊन ठार मार. एकाच हाताची दोन पत्रं. ताराला तिचं पत्र मिळालं आणि ती हरखून गेली. बंदर किती लांब, किती दिवस लागतील, मला आत्ताच्या आत्ता पोहोचायचंय, असं तिला झालं. माहेरी आलेल्या पोरीला नवऱ्याचा सांगावा आला की तिची कशी धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नको.

वाटेत तो नोकर थांबला. त्याच्यानं हात उचलवेना. त्यानं दुसरं पत्र ताराच्या हातात दिलं. आणि तारानं ते स्वतः वाचलं.

ही जागा मला या नाटकातली सगळ्यात मोठी वाटते. तिच्या मरणाचा हुकूम तिच्या हातात आला आणि तिनं तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं असतं, तर गाळून सांगितलं असतं किंवा वाढवून सांगितलं असतं. वाचल्यावर ती कोसळली, पण तिनं विचारलंसुद्धा, की मी बेइमान कशी? त्याच्या काळजीनं रात्र रात्र जागते, ही बेइमानी का? मग तिनं छातीशी जपून ठेवलेली नवऱ्याची जुनी पत्रं बाहेर काढली. ते प्रेमाचे शब्द आता खोटे ठरले, म्हणून ती फेकून दिली. नोकराला म्हणाली, चल, तुझ्या धन्याचा हुकूम पाळ. नोकरानं तिला मारलं नाही. त्यानं तिला पुरुषाचा वेश दिला आणि दुसरी वाट दाखवली.

पुढं बरंच काही होतं. तारा रानात एका गुहेत राहते, आजारी पडते, औषधाच्या गुंगीनं मेल्यासारखी होते. तिथली माणसं तिच्यावर फुलं वाहतात. ती जागी होते तेव्हा शेजारी एक मुंडकं नसलेलं प्रेत असतं, अंगावर तिच्या नवऱ्याचे कपडे. तिला वाटतं हा माझा नवराच. तो असतो दुसराच कुणी. तिकडं नवऱ्याच्या हाती नोकरानं पाठवलेलं रक्तानं भिजलेलं फडकं पडतं, तारा मेली असं त्याला वाटतं, आणि आता त्याला पस्तावा होतो. शेवटी सगळे राजाच्या दरबारात एकत्र येतात. लबाड आपला गुन्हा कबूल करतो. पुरुषवेशातली तारा पुढं होते, तर नवरा न ओळखता तिला मारतो, खाली पाडतो. मग ओळख पटते आणि तारा त्याच्या गळ्यात पडते. गोष्ट गोड होते.

मराठीतलं हे ‘तारा’ नाटक बडोद्याला झालं. ते पाहायला हॅरल्ड लिटलडेल नावाचा एक इंग्रज प्राध्यापक हजर होता. त्यानं जे पाहिलं ते लिहून विलायतेतल्या ‘मॅकमिलन्स मॅगझीन’ या मासिकात १८८० साली छापलं. म्हणजे हिंदुस्थानात मराठी माणसं शेक्सपिअर कसा खेळतात, हे लंडनच्या वाचकांना त्या लेखातून कळलं.

आता लंडनला जाऊ. बडोद्याच्या खेळानंतर सोळा वर्षांनी, २२ सप्टेंबर १८९६ ला, लंडनच्या लायसिअम थिएटरात हेच नाटक उभं राहिलं. कंपनीचा मालक होता हेन्री आयर्व्हिंग. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांत मालकच मुख्य नट असायचा, नाटक बसवायचा आणि पैशाअडक्याचंही बघायचा, तसंच ते होतं. आदल्याच वर्षी राणी व्हिक्टोरियानं त्याला ‘सर’ ही पदवी दिली होती. नटाला ती पदवी मिळण्याची ती पहिलीच वेळ. या नाटकात आयर्व्हिंगनं पेटीत लपणाऱ्या लबाडाचं काम घेतलं. आणि इमोजेन, म्हणजे आपली तारा, झाली एलन टेरी.

या एलनबाईंची थोडी ओळख करून देते. १८४७ सालचा जन्म. आईबाप दोघंही नाटकात काम करणारे, मुक्कामाला आज इथं तर उद्या तिथं. शाळेचं तोंड या मुलीनं पाहिलं नाही. नऊ वर्षांची असताना शेक्सपिअरच्याच एका नाटकात तिनं लहान मुलाचं काम केलं. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, तिच्याहून तीस वर्षांनी मोठ्या चित्रकाराशी. वर्ष होण्याच्या आत ते मोडलं. पुढं ती दुसऱ्या एका माणसाबरोबर लग्नाशिवाय राहिली, दोन लेकरं झाली. तेव्हाच्या विलायतेतही लोकांनी नावं ठेवली. मग तो माणूसही दूर झाला. लेकरांना वाढवायला ती परत नाटकात आली. १८७८ पासून ती आयर्व्हिंगच्या कंपनीची मुख्य नटी होती. लोक जिच्याबद्दल कुजबुजले, अशी बाई, खोटा आळ आलेल्या बाईचं काम करायला उभी राहिली. वय तेव्हा एकोणपन्नास.

तिला या कामाची धास्ती वाटत होती. कुणाला विचारावं? कंपनीत आयर्व्हिंगचा शब्द शेवटचा. तिनं वेगळ्याच माणसाला पत्र लिहिलं. बर्नार्ड शॉ. हा तेव्हा ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात नाटकांवर टीका लिहायचा आणि आयर्व्हिंगच्या नाटकांना धारेवर धरायचा. म्हणजे ज्या घरात ती काम करत होती, त्या घरच्या टीकाकाराशीच तिचा पत्रव्यवहार. १८९२ साली सुरू झाला होता. गंमत अशी, की कितीतरी वर्षं ही दोघं समोरासमोर भेटून बोललीच नाहीत. जे काही बोलणं, ते कागदावर.

नाटक उभं राहण्याआधी सप्टेंबर महिन्यात त्यांची पत्रं भराभर गेली-आली. शॉनं तिला भूमिकेबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. कुठल्या ओळी गाळाव्या, कुठं थांबावं, हे त्यात होतं. तारा फुलांखाली जागी होते ती जागा त्यानं सविस्तर लिहिली. जागी झाल्यावर तिला आधी काय दिसेल, मग काय, प्रेत तिच्या ध्यानात केव्हा येईल, हे सगळं पायरीपायरीनं. एलनबाई कधी त्याच्याशी सहमत होत्या, कधी आपलंच धरून बसत होत्या. कुणी मोठा लेखक सांगतोय म्हणून तिनं मुकाट मान डोलवली नाही. स्वतः विचार करायची, पुस्तकाच्या कडेला बारीक बारीक नोंदी लिहायची. केंट नावाच्या परगण्यातलं तिचं घर आता संग्रहालय आहे आणि तिथं तिची अशी पुस्तकं जपून ठेवली आहेत.

नाटक झाल्यावर चार दिवसांनी शॉचा लेख छापून आला. त्यात त्यानं शेक्सपिअरलाही सोडलं नाही. नायिकेबद्दलचं त्याचं म्हणणं त्यानं एलनबाईंना पत्रात लिहिलं होतं, ते मी आपल्या शब्दांत सांगते. या एका नायिकेत दोन बाया शिवून टाकल्या आहेत. एक हाडामांसाची, रागावणारी, प्रेम करणारी, तडफेची. दुसरी पुतळी, बाई कशी असावी याबद्दल पुरुषांनी मनात धरलेली. शेक्सपिअरच्या हातून पहिली बाई उतरली, पण ती त्याची त्यालाही नीटशी कळली नाही. दुसरी त्यानं मुद्दाम घडवली. शॉला पुतळी नको होती. एलनबाईंनी हाडामांसाची बाई उभी करावी, ही त्याची सगळी धडपड.

मैत्रिणींनो, हे दोन बायांचं म्हणणं मला फार पटलं. आपल्या सगळ्यांच्या आत या दोघी आहेत. एक आपण स्वतः. दुसरी, सासरच्यांनी, गावानं, सिनेमानं, मालिकांनी आपल्यासाठी तयार केलेली सोशिक पुतळी. कधी कधी आपणच सुनेकडून त्या पुतळीची अपेक्षा करतो. गटात एखादी मोठ्यानं बोलली की आपणच म्हणतो, लईच तोंडाळ आहे गं. ती तोंडाळ नसते. ती आपल्या मनातलं बोलत असते.

हा पत्रव्यवहार आज आपल्याला का कळतो? कारण दोघांनीही एकमेकांची पत्रं जपली. एलनबाई १९२८ साली वारल्या आणि १९३१ साली ती पत्रं पुस्तकरूपानं छापली गेली. शाळेत न गेलेल्या बाईची पत्रं आज जगभर वाचली जातात. उतारवयात तिनं आणखी एक काम केलं. गावोगाव, देशोदेशी फिरून शेक्सपिअरच्या नाटकांवर भाषणं दिली. त्यातलं एक भाषण त्या नाटकांतल्या पत्रांवरच होतं. नाटकात कोण कुणाला काय लिहितं, याकडं तिचं बारीक लक्ष होतं.

आणि आपली मराठी तारा? तिच्याबद्दल काय शिल्लक आहे? महाजनींचं पुस्तक आहे. इंग्रज प्राध्यापकाचा लेख आहे. पण बाईच्या हातचा त्याबद्दलचा एक कागद माझ्या पाहण्यात नाही. त्या काळच्या या कंपन्यांत बायकांची कामं पुरुष करायचे. कोवळ्या आवाजाचा पोरगा लुगडं नेसून उभा राहायचा. त्यांत एकाहून एक गुणी नट झाले, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण बघा, संशयाचं दुःख बाईचं, लिहिणारा पुरुष, बोलणारा पुरुष, परीक्षण करणाराही पुरुष. ताराच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, हे कुण्या बाईला विचारून तिचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नाही. बायकांच्या वेगळ्या कंपन्या अधूनमधून निघाल्या, पण त्यांतल्या बायांना गावानं मान दिला नाही. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे पुरुष नटांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी रंगभूमीवर बाईचं काम बाईनं करण्याची वाट रुळायला लागली. ‘तारा’ लिहिलं गेल्यापासून तोवर चोपन्न वर्षं गेली होती.

आपल्या मातीत मात्र बाईच्या शब्दाची जुनी ओळख आहे. आपल्या गंगाखेडची जनाबाई. नामदेवाच्या घरी दळणकांडण करणारी. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला आणि तिचे अभंग त्यानं स्वतः लिहून घेतले, अशी कथा लोक सांगतात. कथा राहू द्या, पण लोकांच्या मनात काय आहे ते त्यातून कळतं. दळणाऱ्या बाईचे शब्द लिहून ठेवण्याच्या तोलाचे आहेत, आणि ते काम देवालाही कमीपणाचं वाटलं नाही. जनाबाईचे शब्द सातशे वर्षं टिकले. कारण ते गायले गेले आणि लिहिले गेले.

आता या नाटकाची शेवटची गाठ. मघाशी मी म्हणाले, शेवटी तारा नवऱ्याच्या गळ्यात पडते आणि गोष्ट गोड होते. तुमच्यातल्या काही जणींना ते खटकलं असणार. ज्यानं पैजेवर लावलं, न विचारता मारायचा हुकूम काढला, वर भर दरबारात थापड मारली, त्याला इतक्या लगेच माफी? शॉलाही ते खटकत होतं. एलनबाईंना पत्रं लिहिल्यानंतर चाळीस वर्षांनी त्यानं नाटकाचा शेवटचा अंकच नव्यानं लिहिला. तो १९३७ साली लंडनला खेळला गेला. त्यात तारा नवऱ्याला सहजी सोडत नाही. जाब विचारते. तुला मारल्याचं काही वाटत नाही का, म्हणते. आणि शेवटी घरी जाते, पण हसत नाही. इतर बायका करतात तसं मीही निभावून नेईन, असं म्हणून जाते. हे ऐकलं की पोटात कालवतं. हे उत्तर आपण किती जणींच्या तोंडून ऐकलंय!

शेक्सपिअरनं एक शेवट लिहिला, शॉनं दुसरा. दोघंही पुरुष. तिसरा शेवट कोणी लिहायचा?

म्हणून पुढच्या बैठकीसाठी तुम्हाला एक काम देते. हप्ते गोळा झाले, हिशेब लिहून झाला, की दहा-पंधरा मिनिटं काढा. एकीनं ही ताराची गोष्ट सगळ्यांना सांगावी. मग एकेकीनं बोलावं, ताराच्या जागी मी असते तर काय केलं असतं? माफ केलं असतं का? केलं असतं तर कोणत्या अटीवर? माहेरी गेले असते का? पंचायत बसवली असती का? थोरल्या बाईनं धाकटीला मधे तोडू नये. सासू-सून एकाच गटात असतील तर सुनेनं आधी बोलावं.

आणि जे बोललं जाईल ते कोऱ्या कागदावर लिहून काढा. ठरावाच्या वहीत नको, ती बँकेला दाखवायची असते. लिहिता येणाऱ्या पोरीनं लिहावं, पण शब्द बोलणारीचेच ठेवावे, सुधारू नयेत. कुणाला नाव द्यायचं नसेल तर देऊ नये. लिहून झालं की तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला आपलेच शब्द कागदावरून परत ऐकू येऊ द्या. तिला ते पटले तरच तिनं अंगठा उठवावा.

हीच सवय बाकीच्या कागदांनाही लावून घ्या. कर्जाचा कागद असो, जमिनीच्या वाटणीचा असो, नाही तर सोडचिठ्ठीचा. “तू फक्त इथं सही कर” असं कुणी म्हणालं, तर थांबा. आधी वाचा, वाचता येत नसेल तर दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, दोघांचं जुळतं का बघा. तारा वाचली ती नोकराच्या भलेपणामुळं, हे खरं. पण आपल्या नशिबात काय लिहून आलंय ते तिला कळलं, ते तिला अक्षर येत होतं म्हणून.

तुमचे कागद झाले की आमच्याकडं पाठवा. तिसरा शेवट काय निघतो, याची मला उत्सुकता आहे. कदाचित प्रत्येक गटाचा वेगळा निघेल.

येते. रामराम.